गाबोळीचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझा पत्रा निळा आहे आणि त्यावर एके काळी दोन गुलाबं होती. आता एकाचं नुसतं देठ उरलं आहे. माझं तोंड रुंद. अरुंद तोंडाचे थर्मास चहासाठी असतात आणि आम्ही रुंद तोंडाचे खाण्याच्या वस्तूंसाठी. खरं सांगायचं तर आम्ही त्या चहावाल्यांना जरा कमीच लेखतो. माझी आतली काच दोनदा बदलली आहे, तेव्हा मी नक्की तोच का, असं तुम्ही विचाराल. स्वभाव तरी तोच आहे, एवढं मी सांगू शकतो.

आणि स्वभाव अगदी साधा. जे जसं द्याल ते तसंच ठेवायचं. कारखान्यात माझ्या दोन काचांच्या मधली हवा ओढून घेतली आणि शेपटाकडचं टोक वितळवून बंद केलं, तेव्हापासून मला एवढं एकच येतं. गरम दिलं तर गरम, गार दिलं तर गार. या गुणाचा मला फार गर्व होता. त्याच गुणाने एकदा एका घराचं वाटोळं व्हायची वेळ आणली होती, तीच गोष्ट आज सांगणार आहे.

मला लालबागच्या एका दुकानातून रामचंद्रने विकत घेतलं ते १९७९ साली. तो मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर. त्याचं पोट नाजूक होतं, डबा पचत नसे. म्हणून त्याची बायको तुळसा दुसऱ्या पाळीला त्याच्याबरोबर गरम पेज द्यायची, ती माझ्यातून. रात्रीच्या सुट्टीत झाकण उघडलं की वाफ निघायची. सोबतचे विणकर त्याला चिडवायचे, “काय रे, बाळंतिणीचं जेवण आलं वाटतं?” पण चमचाभर चाखल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. ती माझी सुखाची वर्षं होती.

मग १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. सगळे म्हणायचे, महिन्याभरात मिटेल. मला धुऊन, पुसून चुलीसमोरच्या फळीवर उपडं ठेवलं. नेमके त्याच महिन्यात तुळसाला दिवस गेले. फळीवरून मला पातेलं स्पष्ट दिसायचं. पेज आधी रामचंद्रला वाढली जायची, मग घरात कुणी आलंगेलं असेल त्याला. तुळसाच्या ताटलीत शेवटी पाणी जास्त आणि शितं मोजकी. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, “माझा पोट भरला.” मला फार वाईट वाटायचं. थर्मासाला कुणी विचारत नाही, म्हणून मी गप्प बसलो.

पावसाळा सरता सरता मुलगा झाला. किरकोळ, पण आवाज खणखणीत. त्याचं नाव उत्तम.

रामचंद्रची गिरणी पुन्हा उघडली नाही. उत्तम वर्षाचा झाला तेव्हा तुळसाने डोक्यावर पाटी घेतली आणि लालबागच्या बाजारात मासे विकायला बसली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी शीव कोळीवाड्याच्या आनंदीबाई बसायच्या, पिढीजात कोळीण. त्यांनी या नवख्या बाईला हाकलून द्यायला हवं होतं. उलट त्यांनी तिला जागा करून दिली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, “एक ध्यानात ठेव गो. माशाला बर्फापासून येगला करायचा नाय. बर्फ हाय तवर मासा ताजा, बर्फ सरला का समदा सरला.” तुळसाने ही गोष्ट जन्मभरासाठी पदराला बांधली.

माझ्या आयुष्याला तिथे नवं वळण लागलं. माशांच्या पोटातली अंडी, म्हणजे गाबोळी, सगळ्यांत नाजूक माल. उन्हात तासाभरात वास मारते. तुळसा ती केळीच्या पानात गुंडाळून, चुरलेल्या बर्फात घालून माझ्यात ठेवायची. दुपारी तीनला काढली तरी सकाळसारखी. लोक म्हणायचे, गाबोळी घ्यावी तर तुळसाबाईकडची. तुळसा माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायची, “ह्या माझा तिसरा माणूस.” मी फुगून जायचो.

उत्तम सातवीत असताना रामचंद्र गेला. उत्तम मोठा झाला, हिंदमाताला साडीच्या दुकानात लागला आणि २००६ साली त्याचं लग्न झालं. सून आली ती वरळीच्या बीडीडी चाळीतली, दमयंती. माझ्या आतला माशांचा वास घालवायला ती मूठभर तांदूळ आणि खायचा सोडा टाकून मला हलक्या हाताने हलवायची. इतक्या मायेने मला कुणीच धुतलं नव्हतं. ती हलवताना गुणगुणायची.

पुढच्या पाच वर्षांत दमयंतीला तीनदा दिवस गेले, आणि तिन्ही वेळा तिसरा महिना पुरा होण्याआधीच सगळं संपलं. पहिल्या वेळी चाळ हळहळली. दुसऱ्या वेळी कुजबुजली. तिसऱ्या वेळी तुळसासुद्धा म्हणाली, “तुझ्या अंगातच उष्णता आसा गो.” तुळसा दुष्ट नव्हती. पण दोष कुठेतरी ठेवल्याशिवाय माणसांना झोप लागत नाही आणि तो ठेवायला सून सगळ्यांत जवळची. दमयंतीने गुणगुणणं सोडलं. एक दिवस मला धुता धुता ती उत्तमला म्हणाली, “तुम्ही दुसरं लग्न करा. माझ्या अंगात मूल राहत नाही.” उत्तम साडीची घडी घालावी तशी हातातल्या टॉवेलाची घडी घालत राहिला. त्याला बोलणं सुचत नसे, हा त्याचा जुनाच दोष.

शेवटी एका डॉक्टरने दोघांना परळच्या एका संशोधन केंद्रात पाठवलं. तिथे पद्मजा नावाच्या बाई अशाच जोडप्यांचा अभ्यास करत होत्या, ज्यांचा गर्भ पुन्हा पुन्हा टिकत नाही. दमयंतीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सगळ्या चांगल्या आल्या. मग पद्मजाबाई म्हणाल्या, आता उत्तमच्या शुक्रपेशी तपासू. मित्रांनो, या पेशी पुरुषाच्या शरीरात तयार होतात आणि बाळाच्या घडणीचा अर्धा मजकूर त्यांच्यातून जातो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा शिकाल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण उत्तम कोकमासारखा लाल झाला.

तपासणीच्या दिवशी दमयंती तापाने फणफणली होती आणि दुकानात लग्नसराईची गर्दी. उत्तमने सीलबंद डबी कागदी पिशवीत घालून ओट्यावर ठेवली आणि भिंतीकडे बघत आईला म्हणाला, “हे जाता जाता त्या केंद्राच्या खिडकीवर देशील? वर नाव लिहिलंय.” त्याला सूचना दिली होती की तासाभरात पोचवा, गार होऊ देऊ नका, अंगाच्या उबेला धरून आणा. पण आईला हे कसं सांगायचं? लाजेपोटी त्याने ते वाक्य गिळलं आणि चपला घालून चालता झाला.

तुळसा त्या पिशवीकडे बराच वेळ बघत उभी राहिली. काय आहे ते तिला कळलं होतं. मग स्वतःशीच म्हणाली, “गाबोळी तासात वास मारता. ह्या तर माझ्या झिलाचा.” आणि तिने काय केलं असेल? मला उतरवलं, बर्फ चुरून घातला, डबी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मधोमध ठेवली, वरून पुन्हा बर्फ आणि घट्ट झाकण. आता घाई कशाला? ती आधी बाजारात जाऊन बसली, पाटी विकली आणि दुपारी एकला केंद्रावर गेली. डबी काढली, पदराने कोरडी केली आणि खिडकीत दिली. मी तिच्या पिशवीतच होतो, त्यामुळे खिडकीतल्या माणसाला मी दिसलो नाही. मी माझं काम चोख बजावल्याच्या आनंदात होतो.

आठ दिवसांनी उत्तम अहवाल घेऊन आला. एकही शुक्रपेशी हालत नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्याने तो कागद तीनदा वाचला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला फळीवरून दिसत होतं. याच्या पेशी जर निर्जीव, तर दमयंतीला तीनदा दिवस गेले कसे?

तो एक शब्द बोलला नाही. जेवला, हात धुतले, कागद कपाटात कपड्यांखाली सारला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी दमयंतीला तो कागद सापडला. ती तो हातात घेऊन त्याच्यासमोर बसली.

“तुम्हाला जे विचारायचंय ते विचारा,” ती म्हणाली.

“मला काही विचारायचं नाही.”

“ते जास्त वाईट आहे,” दमयंती म्हणाली, आणि बॅग भरायला उठली.

मित्रांनो, त्या रात्री मला माझा स्वभाव नकोसा झाला. खरं काय ते या घरात फक्त मला माहीत होतं. माझ्यात आल्या तेव्हा त्या पेशी हालत होत्या, आणि अहवालावरून माझी करणी मला उमगली. मी त्यांना चार तास बर्फात गारठवलं होतं, मन लावून, एक थेंबभर ऊब आत येऊ न देता. मी ओरडून सांगितलं असतं. पण झाकण बंद असलं काय आणि उघडं असलं काय, थर्मासातून शब्द निघत नाही.

सकाळी पद्मजाबाईंचा फोन आला. अहवालाचा मेळ लागत नाही, डबी ज्यांनी आणून दिली त्यांनाही घेऊन आज या, असं त्यांचं म्हणणं होतं. दमयंती म्हणाली, “मी येते. तिथून परस्पर वरळीला आईकडे जाईन.” ती बॅग घेऊनच निघाली. तुळसा बाजारातून थेट केंद्रावर आली, म्हणजे मीही तिच्यासोबत होतो.

पद्मजाबाई चाळिशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी आधी दमयंतीच्या पायाशी ठेवलेली बॅग बघितली, मग उत्तमचं तोंड. त्यांना बरंच काही समजलं असावं. त्या म्हणाल्या, “आठ महिन्यांपूर्वी दिवस गेले होते आणि आता एकही पेशी हालत नाही, हे मला पटत नाही. ती डबी इथे कशी आणलीत?”

उत्तमने आईकडे बघितलं. तुळसा म्हणाली, “मी आणलंय, बाय. बर्फातसून.”

“बर्फातून?”

“मगे? तशीच आणून खराब करतलंय?” तुळसाला प्रश्नच कळला नाही. तिने पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. “ह्याच्यात. माझी गाबोळी ह्याच्यातच असता.”

पद्मजाबाईंनी माझं झाकण फिरवलं. दुपारचे तीन वाजले होते आणि सकाळचा बर्फ आत तसाच होता. त्यांनी त्यात बोट बुडवलं. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण दमयंतीकडे नजर गेली आणि त्या गंभीर झाल्या. “मावशी,” त्या म्हणाल्या, “माशाला गारठा लागतो. या पेशींना अंगाची ऊब लागते. बर्फाने त्यांची हालचाल थांबली. उत्तमराव, तुमच्यात तो दोष नाही. आणि तुमच्या मनात गेले चार दिवस जे आलं असेल, त्यालाही काही आधार नाही.”

मग उत्तम खाली वाकला, दमयंतीची बॅग उचलली आणि आपल्या मांडीवर घेऊन बसला. दमयंती रडली नाही. तुळसाच मला पोटाशी धरून रडत होती. “माका काय म्हायत,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दमयंतीने आपल्या पदराने सासूचे डोळे पुसले, आणि तिच्या गालाला लागलेला माशाचा एक खवलाही काढला.

उत्तमने दुसरी डबी स्वतः नेली, शर्टाच्या आत, छातीशी धरून. पेशी छान हालत होत्या. मग गर्भ टिकत का नाही, हा प्रश्न तसाच राहिला. पण पद्मजाबाईंनी पहिल्या डबीतला अर्धा भाग अभ्यासासाठी गोठवून ठेवला होता, उत्तमने तशी सही दिली होती. बर्फाने पेशींची हालचाल गेली तरी आतला डीएनए शाबूत होता. हे ऐकून मला थोडं हायसं वाटलं. अगदीच वाया गेलो नव्हतो.

चार महिन्यांनी त्यांनी तिघांना परत बोलावलं आणि समजावून सांगितलं. डीएनएमध्ये शरीर घडवायच्या सगळ्या सूचना असतात, त्यांना जनुकं म्हणतात. पण प्रत्येक सूचना प्रत्येक वेळी चालू ठेवायची नसते. काही सूचनांवर शरीर एक बारीकशी रासायनिक खूण लावतं, मिथाइलची. खूण असली की ती सूचना सहसा गप्प राहते.

उत्तम ऐकता ऐकता पुढे सरकला. “म्हणजे आमच्या दुकानात मालक फळीवर चिठ्ठी लावतात तसं. हा गठ्ठा आज उघडायचा नाही.”

“अगदी तसं,” पद्मजाबाई म्हणाल्या. “आणि शुक्रपेशी घडवायच्या असतात तेव्हा आईबापांकडून आलेल्या जुन्या चिठ्ठ्या बहुतेक काढून टाकल्या जातात आणि वडिलांच्या बाजूच्या नव्या लावल्या जातात. पुढे गर्भ वाढताना त्यातल्या काही फार महत्त्वाच्या असतात. तुमच्या पेशींत काही ठिकाणी त्या हव्या तितक्या नाहीत. अशा जोडप्यांतल्या काही पुरुषांत आम्हाला हे दिसतंय. गर्भ न टिकण्याचं हेच कारण, असं शपथेवर सांगता येणार नाही. औषध आहे, असंही मी म्हणणार नाही. पण सगळा भार दमयंतीवर टाकणं चूक आहे, हे नक्की सांगते.”

“ह्यो चिठ्ठ्यो लावतत कधी?” तुळसाने विचारलं.

पद्मजाबाई म्हणाल्या, “सुरुवात फार लवकर होते, मावशी. मुलगा आईच्या पोटात असतानाच. मग मोठेपणी प्रत्येक पेशी तयार होताना त्या सांभाळाव्या लागतात.”

तुळसाचा चेहरा पांढराफटक पडला. तिला काय आठवलं ते मला माहीत होतं, कारण ते पातेलं मीही बघितलं होतं. ती हळूच म्हणाली, “तेव्हा संप होतो, बाय. हो पोटात होतो आनी माका पेजेचा पाणीच मिळा. म्हणान झाला काय ह्या?”

“मला माहीत नाही,” पद्मजाबाई म्हणाल्या. “उपासमारीचा परिणाम होऊ शकतो का, यावर जगभर अभ्यास चाललाय. पण तुमच्या बाबतीत तसंच झालं, हे कुणीही सांगू शकणार नाही. आणि झालं असलं तरी उपाशी राहणाऱ्या बाईची ती चूक कशी?”

घरी येईपर्यंत दमयंती तुळसाचा हात धरून चालत होती.

त्या वर्षीच्या गणपतीत घर भरलं होतं. आरती झाली आणि गावच्या रिवाजाप्रमाणे धर्माआजोबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. चाळीतल्या गाववाल्यांत ते सगळ्यांत वडील. ते देवाला हाक मारून एकेक मागणं मागतात आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं. मी फळीवरून बघत होतो.

“बा देवा म्हाराजा, ह्या रामचंद्राच्या घरात तुझी सेवा झाली, ती मान्य करून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आनी ह्या दमयंतीच्या कुशीत जो काय दोष आसात, तो दूर कर रे...”

“थांबा,” तुळसा म्हणाली.

गाऱ्हाणं मधेच कुणी थांबवत नाही. धर्माआजोबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

“तिचा नाव घेव नका,” तुळसा म्हणाली. “तिच्या कुशीत काय दोष नाय.”

“मगे कोणाचा घेव?”

तुळसाने पदर सावरला आणि तोंड उघडलं. ती स्वतःचं नाव सांगणार होती, याबद्दल मला शंका नाही. पण तेवढ्यात मागून उत्तम म्हणाला, “माझं घ्या, आजोबा.” ज्याला जन्मभर बोलणं सुचलं नाही, तो भरल्या घरात, चाळीतल्या सगळ्यांसमोर बोलला.

धर्माआजोबांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. पुरुषासाठी असं गाऱ्हाणं त्यांनी आजवर घातलं नसावं, कारण त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, ह्या उत्तमाच्या अंगात जा काय चुकला माकला असात, ता सुधार. ह्या घरातल्या कोणाच बाईमाणसाक बोल लागू देव नको. आनी ह्या दोघांका जोडीन सुखात ठेव रे म्हाराजा.”

बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग एकच आवाज आला, स्पष्ट आणि न थरथरता. “व्हय म्हाराजा.” तो दमयंतीचा होता. त्यामागून तुळसाचा आला आणि मग सगळ्या चाळीचा.

अजून त्या घरात पाळणा बांधलेला नाही. दोघं मिळून डॉक्टरकडे जातात, मिळून परत येतात. दमयंती मला धुताना पुन्हा गुणगुणते. माझी काच आता जुनी झाली आहे, तिसऱ्यांदा बदलायला तसली काच मिळेल की नाही, शंकाच आहे. तेव्हा एवढंच मागतो. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपून ठेवा, आम्ही पुष्कळ बघितलेलं असतं. आणि तुमच्या घरात कुणी न केलेल्या चुकीचा भार घेऊन गप्प बसलं असेल, आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर बोला. मला बोलता आलं नाही. तुम्हाला येतं.